हॉटेलातला मासा कुठल्या देशाचा? मेनूकार्डावर लिहायला लावावं का?

सुरमईप्रेमी (धागाकर्ता)
मंडळी, ऑस्ट्रेलियातल्या मावसबहिणीने एक बातमी पाठवली. तिथे १ जुलै २०२६ पासूनचा नियम असा: हॉटेल असो, कॅफे असो, मेनूवर मासळीच्या पदार्थापुढे एक अक्षर लिहायचं. ए म्हणजे ऑस्ट्रेलियन, आय म्हणजे इंपोर्टेड, एम म्हणजे दोन्हीची सरमिसळ. दुकानात विकायच्या मासळीवर हे आधीपासून होतंच, आता ते थेट ताटापर्यंत येतंय.

आणि आपल्या बडोद्यात? अलकापुरी घ्या, फतेहगंज घ्या. फिश टिक्का, फिश अमृतसरी, ग्रिल्ड फिश इन लेमन बटर. कोणता फिश? मी एकदा विचारलं. वेटर म्हणाला, "साहेब, एकदम फ्रेश छे, आजे ज आव्युं." मी म्हटलं, फ्रेश आहे ते कळलं, पण आहे कोणता? तो आत गेला, विचारून आला आणि म्हणाला, "बोनलेस."

माझं मत सरळ आहे. पैसे मोजतोय तर मासा कोणता आणि आला कुठून, हे कळायला हवं. असा नियम आपल्याकडेही यावा. तुम्हाला काय वाटतं? आणि आत्ता आपल्याकडे कायदा नेमका काय म्हणतो, कुणाला माहीत आहे का?

शाकाहारी_वाघ
बोनलेस नावाचा मासा कुठल्या समुद्रात सापडतो ते आधी कळू दे, मग देशाचं बघू.
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वरण-भाताचं मूळ गाव अजून तरी कुणी विचारत नाही.)

मधुमालती
सुरमईप्रेमी, तुमचं दुखणं कळलं, पण औषध चुकतंय. देशाचं काय घेऊन बसलात, आधी नाव तर लिहा म्हणावं.

आमच्या सीकेपी घरात मासा नाव घेतल्याशिवाय आणत नाहीत. मी अजून स्वतः बाजारात जाते. पापलेट हातात घेतलं की कल्ल्याशी अंगठ्याने दाबून बघायचं. पांढरं पाणी आलं तर घ्यायचं, तांबूस आलं तर खाली ठेवायचं आणि पुढच्या पाटीकडे वळायचं. सुरमईचा डोळा बघायचा, आत बसलेला नको. बोंबील हातात धरून बघायचा, अगदी लिबलिबीत नको. कोळीण चिडते, चिडू दे. तिलाही ठाऊक असतं की ही बाई परत येणार आहे.

आता हॉटेलातल्या फिलेला, म्हणजे काटे काढलेल्या तुकड्याला, ना डोळा, ना कल्ला, ना कातडी. वरून दही, ओवा, लाल रंग आणि तंदूर. तिथे मी तरी काय ओळखणार? म्हणून म्हणते, नाव लिहा. नाव कळलं की निम्मी माहिती आपोआप कळते. सुरमई म्हटलं की समुद्रातली, बासा म्हटलं की तळ्यातला. व्हिएतनामचा की आंध्रचा, त्याने माझ्या पोटात काय फरक पडणार आहे?

पुणेकर_पण_प्रेमळ
मधुमालतीताईंना +१. आमच्याकडे "फिश" असं नुसतं लिहिलं तर गिऱ्हाईक उठून जातं. (जात नाही, पण दुसऱ्या दिवशी पाटी लावून येतं.)

किचनमागचा
मी बडोद्यातल्याच एका हॉटेलच्या खरेदीत आहे, नाव विचारू नका. आतली गोष्ट सांगतो.

तुम्हाला वाटतं आम्हाला माहीत नसतं. असतं. गोठवलेल्या फिलेचा खोका येतो, त्याच्या बाजूवर सगळं छापलेलं असतं: मत्स्यजातीचं शास्त्रीय नाव, पाळलेला की पकडलेला, देश व्हिएतनाम, आयातदाराचा पत्ता, गोठवल्याची तारीख, वर बर्फाचं आवरण किती टक्के. हे आवरणही समजून घ्या. फिले सुकू नये म्हणून त्यावर पाण्याचा पातळ थर गोठवतात, त्याला ग्लेझिंग म्हणतात. वीस टक्के ग्लेझिंग असेल तर दहा किलोच्या खोक्यात मासा आठ किलो. आम्ही भाव काढतो तो त्या आठ किलोवर.

सकाळी पोऱ्या खोका फाडतो, फिले डब्यात काढतो, पुठ्ठा भंगारात जातो. माहिती तिथपर्यंत आलेली असते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून ती आत येते आणि पुढच्या दाराने बाहेर पडत नाही, एवढंच.

आणि हो, तुम्ही खाल्लेला फिश टिक्का बासा होता, बहुतेक शंभर टक्के. पांढरा, वास नाही, काटा नाही, तंदुरात तुटत नाही आणि सुरमईच्या निम्म्याहून कमी भावात. ज्यांना घरी मासा चालत नाही अशा घरातली मुलं पहिल्यांदा मासा खातात ती हाच. बडोद्यात वास न येणं हा माशाचा सगळ्यात मोठा गुण समजतात.

अडचण कुठे आहे ते सांगतो. या आठवड्यात व्हिएतनामचा खोका, पुढच्या आठवड्यात आंध्रचा. आंध्रात आता हा मासा भरपूर पाळतात. मग छापील मेनूवर देश काय लिहू?

सुरमईप्रेमी
किचनमागचा, म्हणजे मी पापलेटासारखे पैसे मोजून बासा खाल्ला?

किचनमागचा
पापलेटासारखे नाही, एसीचे मोजलेत.

कायदेपंडित_नाही
धागाकर्त्याने कायदा विचारलाय, म्हणून थोडं कोरडं लिहितो. सहन करा.

बंद पाकिटातल्या आयात मालावर मूळ देश छापणं आपल्याकडे सक्तीचं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबलिंग आणि डिस्प्ले नियम आहेत, शिवाय वजनमाप कायद्याखालचे २०११ चे पाकीटबंद मालाचे नियमही आहेत. म्हणून किचनमागचा यांच्या खोक्यावर ते छापलेलं असतं.

मेनूकार्डाचं प्रकरण त्याच २०२० च्या नियमांत वेगळं दिलंय. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत, त्यांनी मेनूवर कॅलरी लिहायच्या, ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती द्यायची, शाकाहारी-मांसाहारी खूण करायची. ॲलर्जीच्या यादीत मासे आहेत आणि कोलंबी-खेकड्यांचा वर्गही आहे. पण मासा कोणत्या जातीचा किंवा कोणत्या देशाचा, हे मेनूवर लिहा असं कुठेही म्हटलेलं नाही. अलकापुरीतल्या एकट्या हॉटेलाला तर कॅलरीही लिहाव्या लागत नाहीत.

म्हणजे "फिश" एवढंच लिहिणं बेकायदा नाही. पण सुरमई लिहून बासा वाढला तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ५० लागू शकतं: ग्राहकाने मागितलेल्या प्रकारचं अन्न न देणं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३, दंड दहा लाखांपर्यंत. थोडक्यात, गप्प राहायची मुभा आहे, खोटं बोलायची नाही. मेनू लिहिणाऱ्यांनी हे बरोबर हेरलंय.

शाकाहारी_वाघ
म्हणून ते "शेफ्स स्पेशल कॅच ऑफ द डे" असतं होय! कुणी कॅच केलं, कुठल्या डेला, ते अध्याहृत.

मेलबर्नची_माई
धागाकर्त्याची मावसबहीण मी नव्हे, पण राहते तिथेच. माहेर रावपुऱ्यातलं.

इथलं थोडं सविस्तर सांगते, कारण भारतात या नियमाचं फार कौतुक होईल अशी भीती वाटते. उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरीत हॉटेलांना आयात मासळी मेनूवर सांगणं २००८ पासूनच बंधनकारक आहे. देशभर दुकानांतल्या खाद्यपदार्थांवरची मूळ देशाची नवी लेबलं १ जुलै २०१८ पासून सक्तीची झाली. हॉटेलं तेवढी सुटली होती, ती आता आली.

पण अक्षरं नीट बघा. आय म्हणजे आयात, बस्स. कुठला देश ते सांगत नाहीत. व्हिएतनामचा बासा, थायलंडची कोलंबी, न्यूझीलंडचा मासा, सगळे एकाच आय खाली. इथे खाल्ली जाणारी निम्म्याहून जास्त मासळी बाहेरून येते, त्यामुळे फिश अँड चिप्सच्या दुकानात आयच आय दिसणार. नियम मागत होते इथले मच्छीमार. त्यांना हवं होतं की लोकांनी ए बघून पैसे मोजावेत. म्हणजे ही माहिती खाणाऱ्यासाठी जितकी आहे तितकीच पकडणाऱ्यासाठी आहे. छोटे कॅफेवाले पुरवठादार बदलला की मेनू बदलायचा म्हणून कुरकुरतात, ते किचनमागचा यांच्यासारखंच.

डेटाबुवा
माई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. अमेरिकेतही तेच. तिथे दुकानातल्या मासळीवर मूळ देश लिहिणं २००५ पासून सक्तीचं आहे, हॉटेलं त्यातून वगळलेली. मग राज्यांनी आपापले कायदे केले. लुईझियानात २०१९ पासून हॉटेलात आयात कोलंबी किंवा क्रॉफिश असेल तर मेनूवर सांगावं लागतं, २०२५ पासून नियम आणखी कडक झाले. अलाबामातही २०२४ पासून असा कायदा आहे.

आता गंमत बघा. अमेरिकेला सगळ्यात जास्त कोलंबी पाठवणारा देश भारत. म्हणजे लुईझियानाच्या मेनूवर "आयात" म्हणून जिच्याकडे नाक मुरडून बघायला लावतात, ती आपल्या आंध्रातली कोलंबी. आपण इथे व्हिएतनामच्या बाशाबद्दल जे बोलतोय तेच ते तिथे आपल्याबद्दल बोलतायत.

दक्षिण कोरियात हॉटेलांनी काही ठरावीक माशांचा देश लिहायचा नियम २०१२ पासून आहे, पुढे यादी वाढत गेली. युरोपात २०१३ च्या नियमाने मासळीचं नाव, पकडलेली की पाळलेली, कुठल्या समुद्रातली, कुठल्या जाळ्याने पकडली, इतकं सगळं सांगावं लागतं. पण ते दुकानदाराने गिऱ्हाइकाला आणि पुरवठादाराने हॉटेलला. हॉटेलने ते पुढे ताटावर सांगावं अशी सक्ती त्यात नाही. म्हणजे युरोपातही माहिती मागच्या दारापाशीच थांबते.

आणि मधुमालतीताईंच्या बाजूने एक आकडा. ओशियाना या संस्थेने अमेरिकेत १२१५ नमुन्यांची डीएनए तपासणी करून २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यात ३३ टक्के नमुन्यांचं नावच चुकीचं निघालं. देश तर पुढची गोष्ट.

मधुमालती
बघा! मी अहवाल न वाचता सांगितलं होतं.

जय_स्वदेशी
चर्चा छान, पण मुद्दा साधा आहे. आपल्याला एवढा मोठा समुद्रकिनारा असताना परदेशी मासा हवाच कशाला? मेनूवर देश लिहिला की लोक आपोआप स्वदेशी घेतील. नियम आलाच पाहिजे.

वेरावळवाला
भाऊ, मी वेरावळात मासळी प्रक्रिया कारखान्यात काम करतो (मूळचा बडोद्याचा, आजोळ डभोईचं). तुमचं स्वदेशी कुठून सुरू होतं ते सांगा. हॉटेलात मिळणारी ती जाड, कुरकुरीत कोलंबी म्हणजे वनामी. जात मूळची पॅसिफिक किनाऱ्यावरची, लॅटिन अमेरिकेकडची. आपल्याकडे पाळायला परवानगी मिळाली २००९ मध्ये. आता आंध्रात आहे आणि तुमच्या शेजारी ओलपाड, नवसारीकडच्या झिंगा तलावांतही आहे. वाढली इथल्या खाऱ्या पाण्यात, विकली इथे. मेनूवर देश लिहायचा झाला तर "भारत" हेच येणार, आणि ते बरोबरच आहे. पण वाचणाऱ्याला काय कळलं?

समुद्रातल्या माशाचं तर आणखी मजेशीर. बहुतेक देशांत पकडलेल्या माशाचा देश म्हणजे बोटीवर ज्या देशाचा झेंडा तो. पोरबंदर-ओख्याच्या बोटी जिथे जाळं टाकतात तिथून सागरी हद्द फार लांब नाही. तोच घोळ मासा अलीकडे सापडला तर भारतीय, पलीकडच्या बोटीला सापडला तर पाकिस्तानी. माशाला काही आधार कार्ड नाही.

शाकाहारी_वाघ
घोळ मासा आणि राष्ट्रीयत्वाचा घोळ. मी काही बोलत नाही.

वेरावळवाला
वाघोबा, २०२३ मध्ये गुजरात सरकारने घोळला राज्यमासा केलाय, जपून!

एक गोष्ट राहिली, तीच खरं सांगायची होती. आमच्या इथून माकूल, नळ, वाकटी परदेशी जाते. युरोपला जाणाऱ्या मालासोबत कॅच सर्टिफिकेट लागतं, २०१० पासून. त्यात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, मासेमारीचं क्षेत्र, तारखा, वजन, सगळं. एमपीईडीए, म्हणजे सागरी मालाची निर्यात बघणारी केंद्राची संस्था, ते तपासून देते. म्हणजे स्पेनमधल्या आयातदाराला माझा माकूल कुठल्या बोटीने आणला ते कागदावर दिसतं. त्याच बोटीचा, त्याच दिवशीचा उरलेला माल ट्रकमध्ये बर्फ घालून अहमदाबाद-बडोद्याला येतो, त्याला एक चिठ्ठीसुद्धा नसते. बोट तीच, बंदर तेच, लिलाव तोच.

म्हणून "आपल्याकडे हे शक्य नाही" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. शक्य आहे, रोज करतो. फक्त परदेशातला माणूस मागतो म्हणून करतो.

सुरमईप्रेमी
वेरावळवाला, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. हे मला अजिबात माहीत नव्हतं.

कोठीवरचे_काका
तरुण मंडळींनो, देश वगैरे ठीक आहे. आमच्या वेळी मासा गावाच्या नावाने ओळखायचे. पावसाळ्यात भरूचचा पाला मासा (हिलसा) यायचा. नर्मदेच्या मुखातून गोड्या पाण्यात अंडी घालायला चढणारा. तिथले लोक मादीला मोदार म्हणत, नराला पालवा. गाभोळीवाली मोदार आली की दांडियाबाजारातल्या दोन-तीन घरांत तरी निरोप जायचा. काटे मोजायला बसलात तर जेवण संध्याकाळपर्यंत चालेल, पण चव अशी की बाशाला जन्मात यायची नाही. कारण एकच, नदी आणि समुद्र दोन्ही त्याच्या अंगात.

आता भाडभूतला नर्मदेवर बंधारा होतोय. तिथले मच्छीमार विरोध करतायत, कारण पाला वर चढणार कसा? मग तुमच्या मेनूवर "मूळ स्थान: भरूच" लिहायला मासाच उरणार नाही.

पुणेकर_पण_प्रेमळ
काका, पाल्याची पाककृती टाका ना.

कोठीवरचे_काका
पाककृती बायको टाकायची. मी काटे काढायचो.

ॲडमिन
मंडळी, पाल्यासाठी वेगळा धागा काढा, नक्की वाचू. इथे मेनू आणि मूळ देश यावर राहू या.

म्हापशेकर_बडोद्यात
गोव्याचा अनुभव सांगतो. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचं प्रकरण उठलं. सरकारने काही काळ परराज्यातल्या मासळीची आवक बंद केली. त्यानंतर कितीतरी दिवस हॉटेलात पहिला प्रश्न एकच: मासो गोंयचो काय भायलो (मासा गोव्याचा की बाहेरचा)? तिथे देशाचा विषयच नव्हता, राज्याचा होता. बाहेरचा म्हणजे विषारी असा शिक्का बसला आणि सचोटीने धंदा करणारा आंध्रचा, कर्नाटकचा माणूसही त्यात भरडला. कोचीच्या केंद्रीय संस्थेने फॉर्मेलिन ओळखायची साधी पट्टी काढली होती, तिची आठवण किती जणांना आहे? "भायलो" मात्र सगळ्यांना आठवतो.

म्हणून मला या लेबलांची धास्ती वाटते. मूळ स्थान म्हणजे गुणवत्ता नव्हे. ते लिहिलं की लोक तेवढंच वाचतात.

सुरमईप्रेमी
म्हापशेकर, पटतंय, पण याच न्यायाने काहीच लिहू नये असं होईल. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून माहिती दडवायची?

म्हापशेकर_बडोद्यात
दडवा म्हणत नाही. लिहायचं तर जोडीला गोठवलेला की ताजा, पाळलेला की समुद्रातला हेही लिहा. एकटा देश लिहू नका.

किचनमागचा
दोन दिवस कामात होतो, आता सगळं वाचलं. एक निरीक्षण सांगतो, आमच्या धंद्यातलं गुपित वगैरे नाही, कुठलंही मेनूकार्ड उघडून बघा. देशाचं नाव मेनूवर कधी येतं? नॉर्वेजियन सामन. जपानी अमुक. स्कॉटिश तमुक. भाव चढवायला उपयोगी पडतो तेव्हा देश मोठ्या अक्षरात येतो. व्हिएतनामचा बासा आला की देश गायब, नावही गायब, उरतो फक्त "फिश". म्हणजे मूळ देश लिहिता येत नाही हे खरं नाही. लिहितोच आम्ही, सोयीचा तेवढा. नियम आला तर गैरसोयीचाही लिहावा लागेल, एवढाच फरक. मालकांचा विरोध छपाईच्या खर्चाला नाही, त्याला आहे.

रावसाचंही तसंच. काही ठिकाणी रावस "इंडियन सामन" म्हणून लिहितात. रावस उत्तम मासा, पण सामनशी त्याचं काही नातं नाही. गिऱ्हाईक गुलाबी तुकड्याची वाट बघतं आणि पांढरा येतो, मग आमच्या वेटरला बोलणी.

कायदेपंडित_नाही
हा मुद्दा फार नेमका. आणि "नॉर्वेजियन" लिहून दुसरीकडचा वाढला तर आजच्या कायद्यातही अडकता. तक्रार करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं फूड सेफ्टी कनेक्ट आहे. हॉटेलात परवाना क्रमांक दर्शनी भागात लावलेला असतो, तो टिपून घ्या, बिलावरही असतो.

मधुमालती
मला एक सांगा, किचनमागचा. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै. तरी हॉटेलात "ताजी सुरमई" कशी असते? मी त्या दिवसांत सुकट आणि सोड्यांवर भागवते आणि शेजारचे सांगत येतात, काल काय मस्त फ्रेश सुरमई खाल्ली!

किचनमागचा
ताई, तीन उत्तरं. एक, गोठवलेली, मे महिन्यातली. दोन, पूर्व किनाऱ्याची. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे जूनच्या मध्यापासून तिकडच्या बोटी पाण्यात असतात आणि बर्फातला माल ट्रकने येतो. तीन, बाहेरच्या देशातली, गोठवून. त्या दोन महिन्यांत खरोखर ताजी म्हणजे बिगरयांत्रिक होडीने किनाऱ्याजवळ मिळवलेली, ती बडोद्याच्या हॉटेलपर्यंत येत नाही.

गोठवलेली वाईट नसते. बोटीवरच नीट गोठवलेली सुरमई चार दिवस बर्फात लोळलेल्या "ताज्या" सुरमईपेक्षा शंभर पटीने बरी. पण मेनूवर फ्रोझन लिहिलं की लोक नाक मुरडतात, म्हणून सगळे फ्रेश लिहितात.

जय_स्वदेशी
ठीक आहे, देशावर मी अडून बसत नाही. पण मग नेमकं लिहायचं काय, ते एकदा कुणीतरी ठरवा.

सुरमईप्रेमी
मी सगळ्यांचं धरून असं म्हणतो: माशाचं नाव लिहावंच. पाळलेला की समुद्रातला, हे लिहावंच. गोठवलेला असेल तर तसं. आणि आयात असेल तर देश, नुसतं आय नाही. भारतातला असेल तर देश लिहिला नाही तरी चालेल, जमलं तर बंदर लिहावं. वेरावळ, जाफराबाद, पोरबंदर असं वाचायला मला तरी आवडेल.

किचनमागचा, तुमच्या मालकांना हे पटेल?

किचनमागचा
क्यूआर कोडच्या मेनूवर करून बघितलंय, छापायचा प्रश्नच नाही. फिश टिक्क्याखाली बारीक अक्षरात "बासा, पाळलेला, व्हिएतनाम" लिहिलं. पहिल्याच आठवड्यात टिक्क्याची मागणी घसरली, लोक चिकनकडे वळले. मालकांनी देश काढायला लावला, नाव राहू दिलं. नुसतं "बासा" लिहिल्यावर मागणी परत आली. मग सुरमईचा तवा मसाला ठेवला, खाली "वेरावळ" लिहिलं. भाव जास्त असूनही तो जातोय, विशेषतः रविवारी दुपारी मराठी कुटुंबं आली की. आमच्यापुरतं एवढं झालंय.

वेरावळवाला
वेरावळ लिहिलंय तर बिल ठेवा भाऊ. नाहीतर पोरबंदरवाले भांडायला येतील.

मेलबर्नची_माई
बघा, म्हणजे तुमच्याकडे "ए" चालतं आणि "आय" चालत नाही. इथल्या मच्छीमारांना सांगते, खूश होतील.

मधुमालती
जाता जाता अजून एक. हॉटेलातली कोलंबी दाताखाली रबरासारखी कचकच का लागते? माझी घरची कधी लागत नाही. खिचडीत तर अगदी मऊ.

किचनमागचा
ताई, काही पुरवठादार सोललेली कोलंबी फॉस्फेटच्या पाण्यात भिजवतात. ती पाणी धरून ठेवते, वजन वाढतं आणि शिजल्यावरही फुगलेली दिसते. खोक्यावर घटकांत ई ४५१ असं लिहिलेलं सापडेल. ठरावीक मर्यादेत चालतं, पण चव जाते.

सुरमईप्रेमी
म्हणजे आपल्या यादीत अजून एक ओळ!

कायदेपंडित_नाही
थांबा, यादी वाढवत गेलात तर मेनूकार्ड सातबाऱ्यासारखं दिसेल आणि कुणी वाचणार नाही. आधी नाव आणि पाळलेला की समुद्रातला, एवढंच मागू. प्राधिकरणाला पाठवायचा मसुदा रविवारी इथेच टाकतो. वेरावळवाला, कॅच सर्टिफिकेटचा परिच्छेद तुम्ही लिहून द्या, तो माझ्या हातून नीट उतरणार नाही.

वेरावळवाला
देतो. शनिवारी रात्री, लिलाव आटोपल्यावर.